कच्ची कोको पावडर आणि घरचा पौष्टिक खाऊ

कोकोच्या बिया आंबवून वाळवल्या, त्या न भाजता दळल्या आणि त्यांतला बराचसा स्निग्धांश दाबून काढला, की मागे जे तपकिरी चूर्ण उरते त्याला बाजारात कच्ची कोको पावडर किंवा ‘रॉ ककाओ’ म्हणतात. तिच्यात साखर नसते, दूध नसते, आणि नेहमीच्या कोको पावडरीपेक्षा तिच्यावर प्रक्रिया कमी झालेली असते. खजुराचे लाडू, नाचणीची खीर, ओट्सच्या वड्या, चक्क्याचे गोड पदार्थ अशा घरच्या खाऊत ती आता वापरली जाऊ लागली आहे. कच्ची आहे म्हणजे गुणकारी असणारच, हा समजही तिच्याबरोबरच घरात येतो. तो तपासायचा तर बी झाडावरून निघून डब्यात पडेपर्यंत तिचे काय काय होते हे आधी पाहावे लागते. तिची चव, तिचे गुण आणि तिचे धोके या वाटेवरच ठरतात.

कोकोचे झाड मूळचे ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातले. थिओब्रोमा ककाओ हे त्याचे शास्त्रीय नाव लिनियसने १७५३ मध्ये दिले. इक्वेडोरमधील सांता आना-ला फ्लोरिडा येथील उत्खननात सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या भांड्यांवर कोकोचे अंश सापडले आहेत. माया आणि ॲझ्टेक लोक त्याचे कडू, फेसाळ, मसाला घातलेले पेय करीत आणि बिया चलन म्हणूनही वापरीत. साखरेची जोड त्याला युरोपीयांनी दिली. भारतात हे झाड १७९८ मध्ये तमिळनाडूतील कुर्तालम येथे आले, पण त्याची रीतसर लागवड १९६० च्या दशकात केरळात सुरू झाली. आज केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूत नारळ-सुपारीच्या सावलीत हे आंतरपीक घेतात. मंगळुरूची ‘कॅम्पको’ ही सुपारी व कोको उत्पादकांची सहकारी संस्था १९७३ ची, आणि पुत्तूर येथील तिचा चॉकलेट कारखाना १९८६ चा. त्यामुळे चांगली देशी पावडर मिळवण्यासाठी पेरू किंवा इक्वेडोरकडेच पाहावे लागते असे नाही.

कोकोची फळे फांदीच्या शेंड्यांना न लागता थेट खोडाला आणि जाड फांद्यांना लागतात. फळ फोडले की आत पांढऱ्या, आंबटगोड गरात लपेटलेल्या ३० ते ४० बिया दिसतात. ही ताजी बी चावली तर ती कडू आणि इतकी तुरट लागते की जीभ आखडते. चॉकलेटचा वास तिला अजिबात नसतो. तो वास निर्माण होण्याची पहिली पायरी म्हणजे आंबवणे. गरासकट बियांचा ढीग केळीच्या पानांखाली झाकतात किंवा लाकडी पेट्यांत भरतात आणि साधारण ५ ते ७ दिवस ठेवतात. आधी यीस्ट गरातल्या साखरेचे मद्यार्क करते, मग जिवाणू त्याचे आम्ल करतात. या क्रियांमुळे ढीग तापतो आणि आतले तापमान ४५ ते ५० अंश सेल्सियसपर्यंत चढते. उष्णता आणि आम्ल मिळून बीमधला अंकुर मारतात, पेशींच्या भिंती सैल होतात, प्रथिनांचे तुकडे होतात, तुरटपणा उतरतो आणि जांभळी बी तपकिरी होऊ लागते. यानंतर ओलावा ७ टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत बिया उन्हात वाळवतात.

इथून पुढे दोन वाटा फुटतात. नेहमीच्या कोकोसाठी बी साधारण १२० ते १५० अंशांवर भाजतात. आंबवताना सुटलेली अमिनो आम्ले आणि साखर यांची या उष्णतेत प्रक्रिया होऊन चॉकलेटचा ओळखीचा सुगंध तयार होतो. कच्च्या पावडरीसाठी हे भाजणे टाळतात. मग टरफल काढून आतले तुकडे दळतात. त्यांत निम्म्याहून थोडा अधिक स्निग्धांश असल्याने दळताना पीठ न पडता दाट लगदा होतो. हा लगदा दाबून कोको बटर वेगळे काढतात आणि उरलेली पेंड दळून पावडर करतात. हे दाबयंत्र नेदरलँड्समधील व्हान हाउटेन घराण्याने १८२८ मध्ये पेटंट केले, आणि कोकोवर क्षाराची प्रक्रिया करण्याची रीतही त्याच घराण्याची. अशी क्षारप्रक्रिया केलेल्या पावडरीला आजही ‘डच’ कोको म्हणतात. तिचा रंग गडद असतो, आंबटपणा गेलेला असतो आणि ती दुधात सहज मिसळते.

‘कच्ची’ या शब्दाला कायद्याची नेमकी व्याख्या नाही. विक्रेते साधारणपणे ४२ ते ४८ अंशांच्या आतली प्रक्रिया असा अर्थ सांगतात, पण नीट आंबवलेल्या बीने ती मर्यादा शेताच्या कडेलाच गाठलेली किंवा ओलांडलेली असते, आणि दळताना घर्षणाने पुन्हा उष्णता येते. म्हणून कच्ची म्हणजे ‘न भाजलेली’ एवढाच अर्थ धरणे योग्य. आंबवणे टाळलेल्या बियांचीही पावडर मिळते. तिच्यात तुरट द्रव्ये भरपूर उरतात, पण तिला चॉकलेटची चव येत नाही, आणि ज्या पदार्थाला चव नाही तो कितीही पौष्टिक असला तरी घरात दुसऱ्यांदा केला जात नाही.

या पावडरीची कीर्ती मुख्यतः फ्लॅव्हनॉल या द्रव्यांवर उभी आहे. चहा, सफरचंद आणि द्राक्षांतही ती असतात. आंबवणे आणि भाजणे या दोन्हींत ती घटतात, पण सर्वांत मोठी घट होते ती क्षारप्रक्रियेत. अमेरिकेतील बाजारातल्या पावडरींची तपासणी करणारा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात क्षारप्रक्रिया न केलेल्या नैसर्गिक पावडरीत दर ग्रॅममागे सरासरी ३४.६ मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल आढळले; हलकी क्षारप्रक्रिया केलेल्या पावडरीत १३.८ आणि भरपूर केलेल्या पावडरीत अवघे ३.९. तेव्हा घरच्या स्वयंपाकासाठी पहिला प्रश्न पावडर कच्ची आहे की भाजलेली हा नसून तिच्यावर क्षाराची प्रक्रिया झाली आहे की नाही, हा आहे. भाजलेली पण नैसर्गिक कोको पावडर बहुतेक वेळा स्वस्त असते आणि या कसोटीला चांगली उतरते. कच्च्या पावडरीच्या किमतीचे ओझे ज्या घराला परवडत नाही त्या घराने काही मोठे गमावले असे मुळीच नाही.

फ्लॅव्हनॉलचे काम काय, याबाबत पुराव्याला धरून बोलणे बरे. रक्तवाहिन्यांची लवचिकता टिकवण्यास रोज २०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉल मदत करतात, हा दावा युरोपीय अन्न सुरक्षा संस्थेने २०१२ मध्ये ग्राह्य धरला. अमेरिकेत २१ हजारांहून अधिक ज्येष्ठ व्यक्तींवर झालेल्या ‘कॉसमॉस’ चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल देऊनही हृदयविकाराच्या एकूण घटनांमध्ये नोंद घेण्याजोगी घट दिसली नाही. हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र २७ टक्क्यांनी कमी दिसले. शिवाय चाचणीत दिला होता तो गोळीतला अर्क, लाडू नव्हे.

लाडवाचा हिशेब मांडला की चित्र स्पष्ट होते. बिया काढलेला खजूर २०० ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे १०० ग्रॅम आणि कोको पावडर २० ग्रॅम यांचे प्रत्येकी २० ग्रॅमचे १६ लाडू होतात. एका लाडवात कोको येतो सव्वा ग्रॅम, म्हणजे नैसर्गिक पावडरीची वरची सरासरी धरली तर सुमारे ४३ मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल. आणि खजुराची साखर येते सुमारे ८ ग्रॅम. २०० मिलिग्रॅमचा आकडा गाठायला पाचेक लाडू खावे लागतील आणि त्यांबरोबर ४० ग्रॅम साखर पोटात जाईल. तेवढीच पावडर, म्हणजे एक मोठा चमचा किंवा ५ ते ६ ग्रॅम, बिनसाखरेच्या कपभर दुधात किंवा वाटीभर दह्यात घातली तर तोच आकडा साखरेच्या या भाराशिवाय जवळपास गाठता येतो. लाडू वाईट ठरतो असे यातून निघत नाही. शेंगदाणे-खजुराचा लाडू हा उत्तम खाऊ आहे, आणि कोकोने त्याला खोली येते. पण तो कोकोमुळे पौष्टिक झाला असे म्हणू नये. कोको कामाला येतो तो त्याचा कडवटपणा जिभेला जाणवेल इतका ठेवला तर. तो पुरता झाकायला गूळ, मध, खजूर यांचा मारा करावा लागत असेल तर पदार्थ पौष्टिकाकडून मिठाईकडे सरकतो. गूळ आणि मध यांचा समावेश जागतिक आरोग्य संघटना मुक्त साखरेतच करते. दिवसाच्या एकूण ऊर्जेत तिचा वाटा १० टक्क्यांच्या आत असावा, ही तिची शिफारस आहे.

पोषणमूल्यांच्या तक्त्यांबाबतही हेच तारतम्य हवे. १०० ग्रॅम बिनसाखरेच्या कोको पावडरीत सुमारे २० ग्रॅम प्रथिने, ३७ ग्रॅम तंतू, ५०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि १४ मिलिग्रॅम लोह असते. हे आकडे भुरळ घालणारे आहेत, पण १०० ग्रॅम पावडर कोणी खात नाही. मोठ्या चमच्यात तंतू येतात सुमारे २ ग्रॅम आणि लोह पाऊण मिलिग्रॅम. आणि फ्लॅव्हनॉलसारख्या ज्या पॉलिफिनॉलसाठी कोकोची वाखाणणी होते तीच द्रव्ये लोहाच्या शोषणात अडथळा आणतात. रक्तक्षयावर उपाय म्हणून मुलींना कोकोचे लाडू देणे म्हणूनच चुकीचे आहे. तंतूंचा लाभ मात्र खरा आहे.

न भाजण्याची एक किंमतही आहे. उघड्या अंगणात आंबवलेल्या-वाळवलेल्या बियांवर जिवाणू राहू शकतात आणि त्यांना मारणारी मुख्य पायरी म्हणजे भाजणे. साल्मोनेला कोरड्या पावडरीत वाढत नाही, पण महिनोन्महिने तग धरतो. म्हणून जंतुनाशासाठी वाफेची किंवा तत्सम प्रक्रिया केल्याचे सांगणाऱ्या, तपासणीचा अहवाल देणाऱ्या उत्पादकाचीच कच्ची पावडर घ्यावी. गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांच्या न शिजवलेल्या खाऊत भाजलेली नैसर्गिक पावडर वापरणे हेच शहाणपणाचे.

दुसरा मुद्दा कॅडमियमचा. हा जड धातू झाड मातीतून उचलते, आणि दक्षिण अमेरिकेच्या काही भागांतल्या कोकोत त्याचे प्रमाण अधिक आढळते. युरोपीय संघाने २०१९ पासून थेट ग्राहकाला विकल्या जाणाऱ्या कोको पावडरीसाठी किलोमागे ०.६० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. रोज एखादा चमचा पावडर घेणाऱ्या मोठ्या माणसाने यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही, पण लहान मुलाला रोज दोन-तीन वेळा कोको देऊ नये. मुतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांनी कोकोतील ऑक्झलेट ध्यानात घ्यावे. मोठ्या चमच्यात कॅफीन असते सुमारे १२ मिलिग्रॅम, म्हणजे थोडेच. त्याच्या जोडीचे थिओब्रोमिन मात्र शंभरेक मिलिग्रॅम असते. हेच थिओब्रोमिन कुत्र्यांना विषारी ठरते, तेव्हा घरात कुत्रा असेल तर लाडवाचा डबा त्याच्या आवाक्यात राहू देऊ नये.

पाकीट निवडताना पुढच्या बाजूचा मजकूर सोडून मागची घटकांची यादी वाचावी. तिथे कोको पावडर हा एकच घटक असावा. ‘आम्लता नियामक’ म्हणून ५०० किंवा ५०१ हे आकडे दिसले तर ती क्षारप्रक्रिया केलेली पावडर आहे. यादीत साखर पहिली असेल तर ते ड्रिंकिंग चॉकलेट आहे, कोको पावडर नव्हे. पाकीट उघडल्यावर नैसर्गिक पावडर फिकट तांबूस-तपकिरी दिसते आणि जिभेवर आंबट, कडू, किंचित तुरट लागते. रंगाने काळपट आणि चवीला सौम्य लागणारी पावडर बहुधा डच असते. गरम पाण्यात कालवून चिमूटभर खायचा सोडा टाकला तर नैसर्गिक पावडरीला बारीक फेस येतो आणि रंग गडद होतो.

हाच आंबटपणा स्वयंपाकात कामाला येतो. नैसर्गिक किंवा कच्च्या कोकोचा आम्लगुण खायच्या सोड्याशी संयोग पावून केक फुलवतो; डच कोकोला तो गुण नसल्याने तिथे बेकिंग पावडर लागते. पाककृती एका प्रकारची आणि डब्यातली पावडर दुसऱ्या प्रकारची, अशी गल्लत झाली की केक बसतो किंवा साबणासारखा लागतो. मुळात केक, बिस्किटे, ब्राउनी यांसाठी कच्ची पावडर वापरण्यात अर्थ नाही. १८० अंशांच्या भट्टीतून निघालेल्या पदार्थात ‘कच्चे’ काही उरत नाही, आणि भाजलेल्या कोकोचा सुगंध अशा पदार्थांना अधिक शोभतो. चिक्कीच्या कडकडीत पाकाचेही तेच. कच्च्या पावडरीचे घर म्हणजे थंड किंवा कोमट पदार्थ: लाडू, वड्या, चक्का, दही, भिजवलेल्या चिया बियांची खीर, स्मूदी.

पावडर थेट दुधात टाकली तर ती वर तरंगते आणि गुठळ्या धरते, कारण तिच्या कणांवर कोको बटरचा पातळ थर असतो. वाटीत एक चमचा पावडर, चिमूटभर मीठ आणि दोन चमचे कोमट पाणी घ्यावे, चमच्याच्या पाठीने वाटीच्या कडेला घोटत राहावे. सुरुवातीला ती हट्टाने कोरडी राहते, मग एकदम चकाकती, दाट पेस्ट होते. ही पेस्ट दूध, खीर, चक्का कशातही गुठळीविना मिसळते. पाणी कोमट हवे. थंड पाण्यात कोकोचा वास खुलत नाही. मीठ वगळू नये. चिमूटभर मिठाने कडवटपणा दबतो आणि गोड कमी घालावे लागते.

मराठी घरातल्या कोठीत कोकोला जुळणारे बरेच काही आधीपासूनच आहे. नाचणीचा मातकट गोडवा आणि तपकिरी रंग त्याच्याशी एकरूप होतो. भाजलेल्या नाचणीच्या पिठाच्या लाडवात वाटीभर पिठाला दोन मोठे चमचे कोको पुरतो. मात्र कोको ओलावा शोषून घेतो, म्हणून तूप एक-दोन चमचे अधिक लागते, नाहीतर लाडू वळताना फुटतात. गरम तुपात पावडर टाकू नये. मिश्रण हाताला सोसेल इतके निवल्यावर ती चाळून घालावी. नाचणी सत्त्वाच्या खिरीत आधी पेस्ट मिसळावी आणि गूळ आच बंद करून खीर थोडी निवल्यावरच घालावा. उकळत्या दुधात गूळ आणि आंबट कोको एकत्र आले तर दूध नासू शकते. चक्क्याचा आंबटपणा आणि कच्च्या कोकोचा आंबटपणा एकमेकांना पूरक ठरतात, आणि वर नागपुरी संत्र्याच्या फोडी असल्या तर साखर नावापुरतीच पुरते. सुंठ, दालचिनी आणि जायफळ कोकोला मानवतात. वेलदोडा जपून घालावा, कारण तो पुढे धावतो.

केळे आणि कोको ही सर्वांची आवडती जोडी, पण तिच्यात एक अडचण आहे. चिरलेले केळे ज्या विकराने काळे पडते तेच विकर फ्लॅव्हनॉलही मोडते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात केळे घातलेल्या स्मूदीतून शरीराला मिळणारे फ्लॅव्हनॉल नुसत्या गोळीच्या तुलनेत ८४ टक्क्यांनी कमी आढळले. चवीसाठी केळे जरूर घालावे. फ्लॅव्हनॉल हवे असतील तर आंबा, अननस, संत्रे किंवा दही बरे.

खोबरेल तेलात कोको मिसळून थिजवलेले ‘घरचे चॉकलेट’ही लोकप्रिय आहे. खोबरेल तेल २४-२५ अंशांना वितळते. कोको बटर ३४ च्या पुढे. महाराष्ट्रातल्या बहुतेक ऋतूंत असे चॉकलेट फ्रिजबाहेर मिनिटांत पाघळते, म्हणून ते डब्यात द्यायचा खाऊ नव्हे. डब्यासाठी भाजलेले ओट्स, शेंगदाणे आणि खजूर यांच्या वड्या चांगल्या. त्या थापून फ्रिजमध्ये दोन तास ठेवल्या आणि मग कापल्या की धारदार कडेने निघतात आणि दुपारपर्यंत आकार सोडत नाहीत.

पावडर साठवायची ती हवाबंद काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात, ओट्यापासून आणि मसाल्यांपासून दूर; कोको दुसऱ्याचा वास चटकन उचलतो. फ्रिजमध्ये ठेवण्याची गरज नाही, उलट डबा बाहेर काढला की त्यात दमटपणा शिरतो. पावसाळ्यात, विशेषतः कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत, लहान पाकिटे घ्यावीत आणि काढायला नेहमी कोरडा चमचा वापरावा. कुबट वास आला किंवा पावडरीचे न फुटणारे खडे झाले तर ती टाकून द्यावी.